गावाचं प्रकरण तुझ्या गावात

उत्तम,

परवा तुझ्या गावाला जाऊन आलो. तू बोलवत होतास तेव्हा आलो नाही आणि तू गेल्यावर पोचलो. "वा रे बाल्या, टायमिंग बघा या मानसाचं," असं तू म्हणाला असतास, आणि वर तुझं ते खोकल्यासारखं हसू हसला असतास. हस. मला त्याचा फार राग यायचा, आता येणार नाही.

तुझ्याबद्दल छापून आलं आहे. नांदेडच्या कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक, विद्यार्थिप्रिय, परखड वक्ते, पश्चात पत्नी, वगैरे. फोटो कुठला घेतलाय माहीत आहे का? ओळखपत्रावरचा. फोटोग्राफरशी भांडून नुकताच बसल्यासारखा चेहरा. पण आपल्या म्हाताऱ्याचा त्यात अवाक्षराने उल्लेख नाही. तुझं सगळं आयुष्य ज्या माणसाशी बोलण्यात आणि भांडण्यात गेलं, तोच तुझ्या मृत्युलेखात नसावा, याचं मला वाईट वाटलं. म्हणून हे लिहायला बसलो.

म्हातारा म्हणजे कोण ते वाचणाऱ्यांना सांगायला हवं. फार पूर्वी होऊन गेलेला एक इंग्रज समाजवादी लेखक. त्याचं नाव मी इथे घेत नाही, आपलं पुस्तक निघेल तेव्हा त्यावर असेलच. आपल्या दोघांत तो म्हाताराच होता, अगदी आपण विशीत होतो तेव्हापासून. विद्यापीठाच्या वसतिगृहात मी नळावर कपडे धूत होतो आणि तू ग्रंथालयाने रद्दीत काढलेलं एक इंग्रजी पुस्तक घेऊन पळत आलास. "ऐक, ऐक," म्हणालास, आणि उभ्याउभ्या मराठीत सांगायला लागलास. बापाने कापड गिरणीत अमाप पैसा केलेला. पोराला मोठ्या विद्यापीठात शिकवलं. पोराने आता आरामात कविता लिहीत बसायचं, असं घरच्यांनी ठरवलेलं. आणि हा बाबा चाळिशीच्या तोंडावर एका खेड्यात जाऊन खुर्च्या बनवायला शिकला. मग शहरात येऊन दर रविवारी चौकात खोक्यावर उभा राहून भाषणं द्यायला लागला. ऐकायला चारदोन माणसं, एखादं कुत्रं आणि हाकलायला पोलीस. श्रीमंत मित्रांनी त्याला जेवायला बोलावणं बंद केलं, आणि कामगारांचे पुढारी म्हणाले, बड्या घरचं खूळ आहे, उतरेल.

"उतरलं का मग?" मी साबण लावता लावता विचारलं.

"न्हाई ना उतरलं! तीच तर गंमत हाय," तू म्हणालास आणि माझ्या पालथ्या बादलीवर बसलास. बादली फुटली. तिची भरपाई तू कधी केली नाहीस.

त्याचं म्हणणं तू मला तेव्हा सांगितलंस ते असं. बाकीचे समाजवादी भाकरी कशी वाटायची ते सांगत होते, आणि ते बरोबरच होतं. पण हा पुढे जाऊन विचारत होता की माणूस दिवसभर जे काम करतो ते कसलं आहे? ते करताना त्याला आपण माणूस आहोत असं वाटतं का? भाकरी सगळ्यांना मिळाली आणि दिवस मात्र कोणालाच नको असलेल्या वस्तू बनवण्यात गेला, तर काय मिळवलं? आणि सुंदर वस्तू म्हणजे श्रीमंतांची चैन, हे त्याला मान्य नव्हतं. ज्याच्या घरात एकच खुर्ची आहे त्याची खुर्ची तर सगळ्यात आधी चांगली पाहिजे, असं तो म्हणायचा. मुदखेडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तुझ्या घरी तेव्हा एकही खुर्ची नव्हती. वडील गँगमन. मी सुट्टीत आलो होतो तेव्हा तुझ्या आईने मला पोत्याची घडी करून दिली होती बसायला. त्या घरातल्या पोराला हे वाक्य किती लागलं असेल, याचा अंदाज मला तेव्हा नव्हता.

पुढे प्राध्यापक झाल्यावर तू स्वतः एक खुर्ची बनवलीस. तिचे तीन पाय जमिनीला टेकायचे, चौथा विचार करत असायचा. पाहुणे यायच्या आत सुमनवहिनी ती मागच्या खोलीत ढकलायच्या आणि तू पुन्हा बाहेर आणून ठेवायचास. तू गेल्यावर नांदेडला तुझ्या घरी आलो तेव्हा पाहिलं, ती अजून दारातच आहे.

आणि माझं काय केलंस ते तर मी कधी बोललोच नाही. मी लातूरला ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होतो आणि संध्याकाळी खासगी क्लासमध्ये जात होतो. अपेक्षित प्रश्न, छापील उत्तरं, पोरांनी ती घोकायची. एकदा तू न सांगता मागच्या बाकावर येऊन बसलास. बाहेर पडल्यावर मला वाटलं, कौतुक करशील. तू म्हणालास, "बाल्या, तू काय करायलास रे? हे उत्तर त्या पोरान्ला नको हाय, तुला नको हाय, तपासणाऱ्याला तर नकोच हाय. मग हे चाललंय कुनासाठी?" मी कितीतरी दिवस तुझ्याशी बोललो नाही. मग क्लास सोडला. घरी व्हायचं ते महाभारत झालं. बायको म्हणाली, त्या उत्तमभाऊजींचा इंग्रज आपल्या मुळावर आलाय. पण त्यानंतर वर्गात उभं राहायला मला मजा यायला लागली आणि ती निवृत्तीपर्यंत टिकली. याचे आभार तुझ्यासमोर मानले असते तर तू विचारलं असतंस, काय रे, तब्येत बरी हाय ना?

तब्येत तुझीच बरी नव्हती. ते तू मला सांगितलं नाहीस. हे मी तुला माफ केलेलं नाही, आणि इतक्यात करेन असंही वाटत नाही.

पुस्तक मराठीत आणायचं आपण ठरवलं तेव्हा एक पद्धत लावून घेतली. तू इंग्रजीतून कच्चं मराठी करायचंस, मी ते ठाकूनठोकून सरळ करायचो. मग ते प्रकरण मोठ्याने वाचून दाखवायचं. कोणाला, तर ज्यांना म्हातारा माहीत नाही आणि आपण दोघेही माहीत नाही, अशा माणसांना. त्यांच्या कानावरून गेल्याशिवाय पान पक्कं धरायचं नाही. वाचणाऱ्याने नुसतं वाचायचं. समजावून सांगायचं नाही, वाद घालायचा नाही. हा नियम तुझा, आणि दर वेळी मोडायचासही तूच. मुदखेडच्या प्लॅटफॉर्मवर गाडी लेट झालेली असताना आपण पहिलं प्रकरण वाचलं. एका म्हाताऱ्या बाईंनी मध्येच विचारलं, "ह्याच्या मायला काय वाटलं आसंल ओ, पोरगं असं चौकात उभं ऱ्हायलेलं बघून?" तू तिला आईचं सगळं सांगत बसलास, तुझ्या पदरचं घालून. मी कोपर मारत होतो. गाडी आली, निघून गेली, आपली होती ती गाडी.

लातूरच्या मोंढ्यात तर आपण शोभाच करून घेतली. काम आनंदाचं कसं होईल, हे प्रकरण वाचायचं कोणासमोर? दोन विद्वानांनी विचार करून ठरवलं, हमालांसमोर. तेही ऐन हंगामात, दुपारच्या सुट्टीत, सकाळपासून पोती वाहिलेल्या माणसांपुढे. पहिल्याच पानावर निम्मे झोपले. उरलेल्यांतला एकजण बिडी विझवत म्हणाला, "सर, ह्यो जो कोन म्हनायलाय ना, त्याला एकदा हितं धाडा. आमी हावंत." तू एवढा हसलास की झोपलेले उठले. परत येताना बसमध्ये म्हणालास की म्हातारा खरंच आला असता, दोन पोती उचलली असती आणि तिसऱ्याखाली बसला असता. पण आला असता. तुझं त्याच्यावरचं प्रेम हे असं होतं. त्याला देव मानणाऱ्यातला तू नव्हतास.

सगळी प्रकरणं अशी पक्की झाली. राहिलं एक, शेवटचं. गावाचं.

त्यात म्हातारा स्वप्न बघतो. उलथापालथ होऊन गेली आहे, मालक नाहीत, गिरणीचा भोंगा नाही. डोंगराच्या कुशीत एक गाव आहे. लोक सफरचंद तोडतायत, गातायत. सुतार, विणकर, गवंडी आपापल्या कामात रमलेले. कोणी कोणाचा चाकर नाही. आणि कोणालाच नको असलेली जी घाणेरडी कामं, ती सगळे पाळीने करतात. मी या प्रकरणाच्या प्रेमात होतो. शेतकऱ्याच्या घरचा मी, मला त्यात आमची सुगी दिसायची, खळं दिसायचं, हुरड्याला जमलेली माणसं दिसायची. मी त्याचं मराठी इतकं मन लावून केलं की तू म्हणालास, म्हाताऱ्याच्या गावात तू ज्वारी पेरलीस.

आणि मग एक दिवस तू ते पान माझ्यापुढे ठेवून म्हणालास, "आमच्या गावातबी पाळी होती, बाल्या. येसकरकीची."

मला येसकर शब्द माहीत होता, ती कामं माहीत होती. वेशीवर राखण करायची, गावभर निरोप द्यायचे, कोणी अंमलदार आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचं, मेलेलं जनावर ओढून न्यायचं. पाळीचं मात्र मला माहीत नव्हतं. तू सांगितलंस, वर्षाला एका घराकडे यायची. "लई बराबर फिरायची. कुनावर अन्याव न्हाई, भांडन न्हाई. फकस्त आमच्याच घरांत फिरायची." धम्म घेतल्यावर तुझ्या आजोबांनी ती कामं टाकली, गावाने वाळीत टाकल्यासारखं केलं, आणि तुझे वडील रेल्वेत लागून मुदखेडला आले. हे सगळं तू अगदी साध्या आवाजात सांगितलंस. मग म्हणालास, "म्हाताऱ्याला मला एवढंच इचारायचं हाय, पाळी लावनार कोन?"

तुझा आग्रह होता की या प्रकरणामागे आपलं एक प्रकरण जोडायचं, म्हाताऱ्याला उत्तर म्हणून. माझा साफ नकार होता. मी म्हणालो, अनुवादकाने उलट बोलू नये. पाहुण्याला घरी बोलवायचं आणि जेवता जेवता त्याच्याशी भांडण काढायचं, ही कुठली रीत? तू म्हणालास, "ह्या पाव्हन्याला भांडनच आवडतंय. भांडल्याबिगर जेवला तर त्याला पचत न्हाई." मी म्हणालो, तुला उत्तर द्यायचं तर वेगळं पुस्तक लिही. तू म्हणालास, वेगळं पुस्तक कोण वाचतंय. शेवटी असं ठरलं की आपल्या पद्धतीने जाऊ. प्रकरण लोकांपुढे वाचू. लोक गप्प राहिले तर माझं खरं. पाळीपाशी लोक अडले तर तुझं प्रकरण जोडू.

पण वाचायचं कुठे? इथे आपली गाडी जी अडली ती अडलीच. तू म्हणालास, मुखेडजवळच्या माझ्या गावात, आमच्या वस्तीत. मी म्हणालो, लातूरजवळच्या माझ्या गावात, पारावर. तुझ्या वस्तीत सगळे तुझीच री ओढणार, त्यात परीक्षा कसली? त्यावर तू म्हणालास, "तुझ्या पारावर मी बसलो तर लोक चहा पाजतील, गोड बोलतील, आन् ऐकतील तुझं. मी तव्हाबी पाव्हनाच." मी म्हणालो, काळ बदललाय. "बदललाय ना?" तू म्हणालास. "मग माझ्या वस्तीत चल की." यावर मी सोयाबीनच्या भावाचा विषय काढला. मला तेच जमतं.

वर्षं गेली, उत्तम. दर दिवाळीला आपण ठरवायचो आणि दर दिवाळीला तिथेच भांडायचो. नांदेडच्या प्रकाशकाने दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. सुमनवहिनी म्हणायच्या, दोघं मिळून मुखेडच्या बाजारात नाहीतर देगलूरच्या स्टँडवर वाचा आणि मोकळे व्हा. किती शहाणा सल्ला होता! पण आपल्याला कुठे मोकळं व्हायचं होतं? मला ते गाव तुझ्या माणसांपुढे हरलेलं बघायचं नव्हतं, ही माझी गोष्ट. तुझीही काहीतरी असणार. तू एकटा जाऊन कधीही वाचू शकला असतास, मला विचारायची गरज नव्हती. का नाही वाचलंस? हे मी तुला कधी विचारलं नाही, आणि आता हा प्रश्न कुठे ठेवायचा ते मला कळत नाही.

तुझा शेवटचा फोन आला तेव्हा मी शेतात होतो. "बाल्या, ये की एकदा. गावाकडं जाऊ." आवाज जरा बारीक वाटला. मी म्हणालो, सोयाबीन निघू दे, मग येतोच. "सोयाबीन दरसाल निघतंय रे," तू म्हणालास. मग मळणीयंत्राचा आवाज सुरू झाला, मी ओरडून म्हणालो, नंतर बोलू. नंतर सुमनवहिनींचा फोन आला.

तू गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा विधी गावाकडेच ठेवला होता. तुझ्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा हट्ट. पोरगं मुदखेडला वाढलं, नांदेडला म्हातारं झालं, आता एक दिवस तरी गावाला दे, असं त्या वहिनींना म्हणाल्या. मुखेडपर्यंत एसटीने आलो आणि पुढे जीपने. रस्ता चांगला झालाय, तू म्हणायचास तसा खड्ड्यांचा राहिलेला नाही. विहारात वंदना झाली, भन्तेजी बोलले, जेवणं झाली. माझ्या पिशवीत गावाच्या प्रकरणाची टाईप केलेली पानं होती. का नेली होती ते मला विचारू नकोस. घरातून निघताना चष्म्याबरोबर हाताला लागली आणि घेतली.

जेवणानंतर सुमनवहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "भाऊजी, आनलंय का ते?" मी मान हलवली. "मग वाचा की. हितंच वाचायचं हुतं ना त्यांना." मी चष्मा लावला आणि पानं बाहेर काढली.

विहारात भिंतीला टेकून बायका, पुढे पुरुष, दाराशी मोबाईल बघणारी तरुण मंडळी. तुझा फोटो समोर, तोच ओळखपत्रावरचा, मोठा करून आणखी रागीट झालेला. मी वाचायला लागलो. सफरचंद तोडताना लोक गातात, तिथे अक्का मोठ्याने म्हणाल्या, "सोयाबीन काढा म्हना त्येंना, मंग बघू किती गानं येतंय ते." सगळे हसले. मला धीर आला. मग ते पान आलं. मी मुद्दाम सावकाश वाचलं. नको असलेली कामं सगळे पाळीने करतात. वाचून थांबलो. आता काय फुटायचं ते फुटू दे, असं मनात म्हणालो.

"समद्यांची पाळी?" अक्कांनी विचारलं. "पाटलाचीबी?"

नियमाप्रमाणे मी बोलायचं नव्हतं. मी नुसती मान डोलावली.

"मंग बरं हाय की. वाचा फुडं."

एवढंच, उत्तम! ज्याच्यावर आपली इतकी वर्षं गेली त्यावर तुझी सख्खी बहीण म्हणाली, बरं हाय की. माझं खरं झालं होतं. मला इतका आनंद झाला की मी तुला डिवचायला डाव्या बाजूला वळलो, जिकडे तू वाचनाला बसायचास. तिथे वहिनी बसल्या होत्या, पदराने डोळे पुसत. मी पुढे वाचलं. कसं वाचलं कोण जाणे.

प्रकरण संपलं. चहा यायला लागला तेव्हा दाराशी बसलेल्या मुलींतली एक पुढे आली. अक्कांची नात, प्रज्ञा. हैदराबादला औषधांच्या कंपनीत प्रयोगशाळेत काम करते, तुझ्यासाठी रजा काढून आली होती. तू तिच्या हुशारीबद्दल मला फोनवर सांगायचास, ते मी अर्धवट ऐकायचो.

"सर, एक विचारू का?" ती म्हणाली. "ह्या गावातून कोणी जातं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे सोडून. लोक येतेत याच्यात, राहतेत, काम करतेत, गाणे म्हणतेत. जाणारं कोणीच न्हाई."

मी काही बोलायच्या आत अक्का म्हणाल्या, "जाईल कामून? एवढं चांगलं गाव सोडून?"

"चांगलं हाय म्हणूनच विचारायले, आज्जी," प्रज्ञा म्हणाली. "वाईट गावातून तर कोणीबी जातंय."

मग जो कल्ला झाला तो तुला आवडला असता. अक्का म्हणाल्या, म्हंजे तुला माघारी यायचंच न्हाई म्हन की सरळ. प्रज्ञा म्हणाली, मी यायचं का न्हाई ते मला ठरवू द्या, एवढंच म्हणायले. दाराशी बसलेल्यांनी मोबाईल खिशात घातले आणि तिची बाजू घेतली. वहिनी अक्कांच्या बाजूने बोलल्या, मग प्रज्ञाच्या, मग पुन्हा अक्कांच्या. चहा गार झाला. मी मात्र मान खाली घालून पानं चाळत होतो. त्या गावात लोक जन्मतात, लग्नं करतात, म्हातारे होतात, मरतात. बाहेर जायला कोणी निघत नाही. एकही नाही. त्या प्रकरणाचं एकेक वाक्य मी घासूनपुसून घेतलं होतं आणि तू एकेक वाक्याशी भांडला होतास. मला हे दिसलं नाही हे समजू शकतं, मी आमचं शिवार सोडून फार लांब कधी गेलोच नाही. पण तुला कसं दिसलं नाही?

तेव्हा मला पहिल्यांदा रडू आलं. तू गेल्याची बातमी आली तेव्हा नव्हतं आलं. आपण दोघे आपापलं खरं करायला बघत होतो, आणि खरं तिसऱ्याच माणसाकडे होतं, आणि ते ऐकायला दोघांतला एकच उरला होता. तोही चुकीचा उरला. अशा प्रश्नावर लहान मुलासारखं खूश कसं व्हायचं, ते तुला येत होतं. मला येत नाही.

निघताना मी प्रज्ञाला सांगितलं की पुस्तक आता छापायला देणार आहे. गावाच्या प्रकरणामागे उत्तराचं एक प्रकरण असेल, उत्तमची तशी इच्छा होती. ते तू लिही. ती नाही म्हणाली, मग बघते म्हणाली, मग जीपपर्यंत सोडायला आली तेव्हा लिहीन म्हणाली. तुझं मत मी मान्य केलं बघ, तू समोर नसताना. जीपवाला माणसं भरायची वाट बघत उभा होता. ती माझी पिशवी धरून उभी होती.

"सर, याच्यावर आजोबा काय म्हणले असते हो?"

तुझी सगळी उत्तरं मला पाठ आहेत, उत्तम. कुठल्याही विषयावर तू काय बोलशील ते मी तुझ्याआधी सांगायचो आणि तू चिडायचास. पण यावर तू काय म्हणाला असतास, मला खरोखर माहीत नाही. मी तिला तसं सांगितलं.

तिने पिशवी माझ्या हातात दिली. मग अगदी सहज म्हणाली, "मग तुम्ही दोघं मिळून आलेच न्हाईत कामून कधी?"

मी तिला यंदाच्या सोयाबीनचं काहीतरी सांगितलं आणि जीपमध्ये चढलो. याचं उत्तर मात्र मला माहीत होतं.